रबरावर उडणारं बाल्सा विमान: किट घ्या, त्यातलं रबर मात्र बाजूला ठेवा

सोलापुरात नवी पेठेकडे खेळण्यांच्या दुकानांत थर्माकोलची हातफेकी विमानं टांगलेली असतात. बाल्साचं, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचं किट मात्र बहुधा मागवावंच लागतं. शाळेत किंवा एनसीसीच्या हवाई विभागात असताना ज्यांनी बाल्सा कापलं, घासलं, उडवलं, ते आता मुलांसाठी अशाच किटची चौकशी करतात. हा आढावा ४५ सेंटिमीटर पंखांच्या साध्या किटचा आहे. लांब काडी, तिच्यावर सरकणारा पंख, पुढे प्लास्टिकचा प्रोपेलर, खाली पिळलेलं रबर. लाकूड चांगलं, प्रोपेलर चालण्याजोगा, रबर टाकाऊ आणि सूचनांचा कागद अर्धवट. तरीही घ्यावं, कारण विमान का उडतं हे इतक्या स्वस्तात दुसरं काही शिकवत नाही. फ्रेंच संशोधक आल्फोंस पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिसला असंच पिळलेल्या रबरावर विमान ११ सेकंद उडवून दाखवलं. त्यांचा प्रोपेलर मागे होता, पण पंखांची टोकं वर उचलायची आणि शेपटीनं तोल धरायचा, ही युक्ती तीच.

पंखाची फळी दीड मिलिमीटर जाड आहे, शेपटीची एक. बाल्सात एकाच पाकिटात हलकं-जड निघतं, म्हणून जोडण्याआधी पंखाचे दोन्ही अर्धे वेगवेगळे तोला. जड निघेल त्याला ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं वरून हात फिरवा, टोकाकडे जास्त. तयार विमान रबरासकट २० ते २२ ग्रॅम भरलं पाहिजे. रंग लावायचा मोह टाळा; ऑइल पेंटचा एक हात दिला तरी वजन लगेच वाढतं आणि चढण मंदावते.

दोन अर्धे जोडताना एक पाटावर सपाट ठेवून दुसऱ्याचं टोक ७ सेंटिमीटर वर टेकवायचं. सांध्याच्या कडा त्याच कोनात तिरप्या घासाव्या लागतात, आणि हे कागदावर कुठेच नाही. कडा सरळ ठेवल्या तर सांधा फक्त वरच्या रेघेवर टेकतो, खाली फट राहते आणि पहिल्या आपटण्यात पंख मधोमध उघडतो. फेविकॉलचा पातळ हात दोन्ही कडांना द्या, तो लाकडात मुरू द्या, मग दुसरा हात देऊन रात्रभर ठेवा. फेविक्विक मैदानावरच्या दुरुस्तीला ठीक. मुख्य सांध्याला ते कडक आणि ठिसूळ पडतं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की ओला भाग एका बाजूनं झपाट्यानं सुकून फळी वळते. त्यामुळे वजन ठेवूनच सुकवा आणि सीलिंग फॅनखाली नको. तरी वळलीच, तर चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरा, उलट पीळ द्या आणि गार होईपर्यंत सोडू नका.

आता तोल. पंखाची रुंदी ८ सेंटिमीटर. पुढच्या कडेपासून साडेतीन सेंटिमीटरवर, पंखाखाली दोन्हीकडे बोटं टेकवून विमान आडवं राहिलं पाहिजे. पंख काडीवर सरकवूनच हे जुळवा. पंखाच्या पुढच्या कडेखाली दोन मिलिमीटरची चकती हवी. मग रबर न पिळता, गवतावर, दहा मीटर पुढच्या जागेकडे किंचित खाली रोखून सोडा. फेकू नका, सोडा. नाक खाली घालून आपटलं तर पंख तीन मिलिमीटर पुढे. नाक वर करून थबकलं आणि मग कोसळलं तर तेवढाच मागे. सपाट, लांब उतरेपर्यंत हेच करत राहायचं.

बहुतेक जण पुढच्या पायरीवर फसतात. विमान हातानं सुरेख तरंगतं, पण रबर पिळून सोडलं की नाक वर काढतं आणि पडतं. कागद म्हणतो, नाकाला माती लावा. लावू नका. तरंगणं बरोबर असेल तर पंखाला आणि तोलाला हात लावायचाच नाही. दोष प्रोपेलरच्या ओढीचा आहे. ज्या तुकड्यात प्रोपेलरची तार फिरते, त्याच्या आणि काडीच्या मध्ये वरच्या बाजूला आगपेटीच्या पुठ्ठ्याची चीप सारा, म्हणजे ओढ दोनेक अंशांनी खाली वळते. माती लावली तर चढताना बरं वाटतं, पण रबर संपल्यावर विमान दगडासारखं खाली येतं. तसंच जोर असताना विमान डावीकडे घट्ट वळून घसरत असेल, तर तो प्रोपेलरचा उलटा पीळ. मागून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणून विमान डावीकडे कलतं. त्याला डाव्या बाजूनं चीप, म्हणजे ओढ जरा उजवीकडे जाते. एका वेळी एकच चीप बदला.

किटमधलं रबर कोरडं असतं, हुकाजवळ चिरतं आणि दीडशे-दोनशे पिळांतच तुटतं. तुटताना मागचा हुक उखडून शेपटी फोडतं, नुकसान खरं तिथं. ३ मिलिमीटर रुंदीची मॉडेल विमानांची रबरपट्टी वेगळी मागवा, ७० सेंटिमीटर कापून ३५ चा फास करा. ऑफिसच्या रबरबँडची साखळी हा पर्याय नाही, गाठींपाशी पीळ अडतो. पट्टी साबणानं धुऊन, वाळवून थोडं एरंडेल चोळा. मशीनचं तेल रबर खातं. डब्यात, सावलीत ठेवा. उन्हात उभ्या गाडीत एक दुपार काढली तरी पट्टीचा जीव जातो आणि पंखही वळतात.

बोटानं शंभर पीळ ठीक, पुढे हात-ड्रिलला तारेचा हुक लावा आणि मूठ एकदा फिरवल्यावर हुक किती फिरतो ते आधी मोजून घ्या. एकानं प्रोपेलर आणि नाक पक्कं धरायचं, दुसऱ्यानं रबराचं मागचं टोक मीटरभर ताणून निम्मे पीळ तिथेच द्यायचे, उरलेले हळूहळू पुढे येत. पहिल्या उड्डाणाला ८० पीळ, मग २००, आणि सगळं सरळ चाललं तरच ४००.

जागेचं म्हणाल तर सोलापुरातलं होम मैदान, सकाळी आठच्या आत. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत तिथं जागाच नसते. ज्वारी काढलेलं रान मोठं आणि मोकळं, पण धसकटं पंखात घुसतात, त्यामुळे गवताळ पडीक बरं. दहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा वर उसळते, चांगलं जुळवलेलं विमान तिच्यात सापडलं तर परत येत नाही. पंखावर मोबाइल नंबर लिहून ठेवा. झाडाची पानं सतत हलत असतील त्या दिवशी फक्त तरंगण्याची चाचणी घ्या.

किटबरोबरच जादा प्रोपेलर दोन आणि दीड मिलिमीटरची बाल्सा फळी एक मागवा. पंख तुटला तर टोकाला टोक लावून चिकटवू नका. दोन्ही तुकडे तिरपे कापून, दोन सेंटिमीटरचा तिरका सांधा करून फेविकॉलनं जोडा आणि दुसऱ्या अर्ध्याशी वजन पुन्हा ताडून पाहा.