फ्रान्समधला गावोगावचा ज्युदो क्लब: वर्षाची फी भरून नेमकं काय मिळतं?

सप्टेंबरच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या बहुतेक गावांत आणि शहरांत नगरपालिका स्थानिक संस्थांचा मेळावा भरवते. फुटबॉल, नृत्य, चित्रकला, गायन, सगळ्यांची टेबलं एका रांगेत लागतात आणि त्यात ज्युदोचं टेबल बहुधा असतंच. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी घरांनाही मुलांचं नाव कुठे घालायचं हे इथेच ठरवावं लागतं. पुढचं परीक्षण कोणा एका क्लबचं नाही. फ्रेंच ज्युदो महासंघाशी जोडलेला, 1901 च्या संस्था कायद्याखाली नोंदलेला, नगरपालिकेच्या हॉलमध्ये चालणारा साधा क्लब काय देतो आणि कुठे कमी पडतो, ते इथे पाहू.

आधी पैशांचं. क्लबची वर्गणी शहराप्रमाणे साधारण 150 ते 350 युरो, तीही सप्टेंबर ते जून अशा पूर्ण हंगामाची. त्याशिवाय महासंघाचा परवाना, 40 युरोंच्या आसपास. परवान्यासोबत विमा येतो आणि पट्ट्यांची अधिकृत नोंदही होते. परवाना नसेल तर स्पर्धेत उतरता येत नाही, म्हणून तो टाळायचा विचार करू नका. आठवड्यातून दोनदा तास असेल तर हिशेब एका तासाला सहा युरोंच्या आतच बसतो. हॉल आणि बहुतेकदा तातामीही, म्हणजे सरावाच्या गाद्याही, नगरपालिकेच्या असल्यामुळे हे परवडतं. अल्पवयीन मुलांना आता सरसकट डॉक्टरचा दाखला लागत नाही. आरोग्याची प्रश्नावली पालकांनी भरायची आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तरच डॉक्टरकडे जायचं.

या पैशांत मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे शिक्षक. फ्रान्समध्ये पैसे घेऊन ज्युदो शिकवायचा तर सरकारमान्य पात्रता लागते. काळा पट्टा आहे म्हणून कोणी वर्ग उघडला, असं चालत नाही. 28 नोव्हेंबर 1955 च्या कायद्याने ज्युदो आणि तो जिच्यातून निघाला ती जुनी जपानी झुंजकला जुजुत्सू, यांच्या शिक्षकाचा व्यवसाय आणि शिकवण्याच्या जागा, दोन्ही नियमात बांधले. आज शिक्षकाचं व्यावसायिक ओळखपत्र हॉलमध्ये दिसेल असं लावावं लागतं. नाव घालायला जाल तेव्हा फळ्याजवळ ते शोधा, नसेल तर विचारा. काळ्या पट्ट्याच्या पायऱ्यांना म्हणतात त्या ‘दान’ या पदवीलाही तिथे कायद्याचं संरक्षण आहे. अधिकृत आयोगाने न दिलेला दान मिरवणं हा गुन्हा ठरतो.

ही कडक व्यवस्था समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागतं, कारण ज्युदोचं कुळ फ्रान्समध्ये एकदा आलं आणि रुजलं नाही. 26 ऑक्टोबर 1905 रोजी पॅरिसजवळच्या कुर्बव्हा इथे रे-नीए या नावाने वावरणाऱ्या फ्रेंच जुजुत्सूवाल्याने जॉर्ज द्युबुआ या मुष्टियोद्ध्याला काही सेकंदांत जमिनीवर नेऊन हात पिळला आणि हार कबूल करायला लावली. पॅरिसमध्ये जुजुत्सूची लाट आली. पण ती तमाशाची लाट होती. लोकांना कोण कोणाला पाडतो हे बघायचं होतं, आठवड्यातून दोनदा येऊन शिकायला काही शिडीच नव्हती. काही वर्षांत ती ओसरली.

दुसऱ्यांदा जे आलं ते टिकलं, आणि त्याचं श्रेय दोन माणसांना द्यायला हवं. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो 1933 मध्ये पॅरिसला आले असताना मोशे फेल्डनक्राइस त्यांना भेटले. हे पेशाने अभियंते, पुढे भौतिकशास्त्राच्या संशोधनात. त्यांनी 1936 मध्ये पॅरिसमध्ये जुजुत्सूचा क्लब उभा केला. दुसरे जपानी शिक्षक मिकिनोसुके कावाइशी. इंग्लंडमध्ये शिकवून ते 1935 मध्ये पॅरिसला आले. कानोंचा ज्युदो जसाच्या तसा शिकवला तर युरोपातला प्रौढ, नोकरदार विद्यार्थी टिकणार नाही, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी दोन बदल केले. पहिला: डावांच्या जपानी नावांऐवजी क्रमांक. ओ-सोतो-गारी झाला ‘पायाचा पहिला’, उकी-गोशी झाला ‘कमरेचा पहिला’. दुसरा: पट्ट्यांचे रंग. जपानमध्ये तेव्हा पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या वाटेवर प्रौढांसाठी फार तर तपकिरी. लंडनमध्ये रंगांची सुरुवात झालेली होती. कावाइशींनी पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा अशी पक्की शिडी फ्रान्समध्ये रूढ केली. काही महिन्यांत पुढची पायरी दिसू लागली आणि विद्यार्थी टिकला.

हे झाड किती खोल गेलं होतं ते युद्धाने दाखवलं. मे 1943 मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, पहिली फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि जाँ द एर्ट जिंकले. पुढे कावाइशी फ्रान्स सोडून गेले, ते परतले 1948 मध्ये. मधल्या काळात, 1946 मध्ये, फ्रेंच शिष्यांनी स्वतःचा महासंघ स्थापन केला होता. गुरू समोर नसताना शिष्यांनी घर बांधलं. आमच्या मते कला रुजली याची याहून मोठी खूण नाही.

क्रमांकांची पद्धत मात्र टिकली नाही, आणि टिकली नाही हेच बरं. 1951 मध्ये जपानी शिक्षक इचिरो आबे तुलूजला आले आणि कोदोकानची, म्हणजे कानोंच्या जपानमधल्या मूळ शाळेची, रीत घेऊन आले: उभ्या जागी क्रमाने डाव करायचे नाहीत, जोडीदाराला हलवत तोल मोडायचा आणि त्या हालचालीत फेकायचं. दोन रीतींवरून दशकभर भांडणं झाली, संघटना फुटल्या, पुन्हा जोडल्या. आजचा फ्रेंच क्लब या दोघांचं मिश्रण आहे. रंग कावाइशींचे, डावांची नावं जपानी, हालचाल कोदोकानची, समजावणं फ्रेंचमध्ये. घरी मराठी आणि बाहेर इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला याचा फायदाच होतो, कारण ‘हाजिमे’ (सुरू करा), ‘मात्ते’ (थांबा), ‘रे’ (नमस्कार) हे शब्द वर्गातल्या प्रत्येकासाठी सारखेच परके असतात.

आता प्रत्यक्ष तास. चार-पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग खेळाचा असतो, तिथे ज्युदो शोधू नका. सहाच्या पुढे खरी सुरुवात. बुधवारी बऱ्याच शाळा अर्धा दिवस किंवा बंद असतात, म्हणून मुलांचे तास तेव्हा ठेवतात. तातामीच्या कडेपर्यंत सपाता, कडेला त्या काढून ओळीत ठेवायच्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. पट्ट्याच्या क्रमाने रांग, नमस्कार, मग अंग मोकळं करणं.

त्यानंतर येतं पडणं, आणि क्लबची परीक्षा इथे होते. चांगला शिक्षक पहिले कित्येक तास उकेमीवर, म्हणजे पडण्याच्या तंत्रावर घालवतो. आधी बसून मागे, मग उकिडवं बसून, मग उभं राहून, शेवटी जोडीदाराने पाडल्यावर. हनुवटी छातीला टेकलेली, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, पाठ गोल. हात शरीरापासून साधारण 30 ते 45 अंशांवर आणि तळवा ते कोपर एकदमच तातामीवर आपटायचं. हात खांद्याच्या रेषेत उघडला तर धक्का खांद्याला बसतो. सगळ्यात वाईट चूक म्हणजे पडताना हात मागे टेकवणं. मनगट, कोपर किंवा गळपट्टीचं हाड जातं ते त्यामुळे. आणि हनुवटी सुटली तर डोक्याची मागची बाजू आपटते.

म्हणूनच ओ-सोतो-गारी, कावाइशींचा तो ‘पायाचा पहिला’, आज लहान मुलांना पहिल्या महिन्यात नीट शिक्षक शिकवत नाही. मागच्या बाजूला पाडणारा, डोकं आपटण्याचा धोका असलेला डाव आहे तो. सुरुवात ओ-गोशीसारख्या कमरेवरच्या डावाने होते, किंवा पडणारा गुडघ्यावर असताना. हा विषय पुस्तकी नाही. जपानमधल्या शाळांत 1983 नंतरच्या तीस वर्षांत शंभराहून अधिक मुलं ज्युदो करताना दगावली आणि त्यांत डोक्याच्या दुखापती मोठ्या प्रमाणात होत्या. तिथे सुधारणांची चर्चा सुरू झाली तेव्हा फ्रान्सच्या शिक्षक-पात्रतेचं उदाहरण पुढे आलं. ज्या देशातून विद्या आली तोच देश शिष्याकडे बघू लागला.

कुस्ती पाहून वाढलेल्या मराठी पालकाला बरंच ओळखीचं वाटेल. सेओई-नागे आपल्या धोबीपछाडीचा सख्खा भाऊ. पाठीवर जोरात, वेगाने आणि ताबा ठेवून पाडलं की इप्पोन, खेळ तिथेच संपला, म्हणजे आपलं चितपटच. फरक कपड्याचा. कुस्तीत उघड्या अंगाला पकड, इथे सगळा खेळ बाहीवर आणि कॉलरवर.

म्हणून ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, नीट घ्या. सुरुवातीच्या मुलाला हलकं कापड पुरतं, दर चौरस मीटरला 250 ते 350 ग्रॅम, 20 ते 40 युरोंत मिळतं. कराटेचा पातळ पोशाख चालणार नाही, पहिल्याच ओढाताणीत काखेत फाटतो. दहा-अकराच्या पुढे 450 ते 550 ग्रॅम. 650 ते 750 ग्रॅमचं जाड कापड मोठ्या स्पर्धकांसाठी, लहान मुलाला त्यात कोपरसुद्धा नीट वाकवता येत नाही. वीण तांदळाच्या दाण्यासारखी उठावदार असते, त्यामुळे पकड बसते आणि कापड तग धरतं. सुती कापड आटतं, तेव्हा एक माप मोठं घ्या. 30 ते 40 अंशांच्या पाण्यात धुवा, ड्रायर टाळा. 60 अंशांवर धुतलं की बाही बोटभर वर गेलीच समजा, आणि आखूड बाही म्हणजे समोरच्याला पकड नाही, म्हणजे स्पर्धेत कपडे बदलून या असा आदेश. मुली आत पांढरा टीशर्ट घालतात. केसांच्या रबरात धातू नको, नखं कापलेली हवीत. पट्टा पोटाभोवती दोनदा, चौकोनी गाठ, टोकं 20 ते 30 सेंटिमीटर लोंबती. निळी ज्युदोगी आत्ता घेऊ नका. पंचांना आणि प्रेक्षकांना दोघं वेगळे दिसावेत म्हणून डच विजेते अँटन हेसिंक यांनी ती सुचवली आणि 1997 मध्ये पॅरिसच्या परिषदेत जागतिक महासंघाने स्वीकारली. क्लबात पांढरीच पुरते.

आता तक्रारी. पहिली पट्ट्यांची. मुलांसाठी मधले दोनरंगी पट्टेही आहेत, पांढरा-पिवळा, पिवळा-नारिंगी वगैरे. रंगीत पट्टे क्लबचा शिक्षकच देतो आणि जूनमध्ये सगळ्यांना एकेक पायरी वर चढवण्याचा मोह अनेक ठिकाणी आवरत नाही. पालक खूश, पण हिरव्या पट्ट्याच्या मुलाला डावीकडून एकही डाव येत नाही. काळ्या पट्ट्याला मात्र ही ढिलाई चालत नाही. पहिल्या दानसाठी नागे-नो-काता या फेकींच्या ठरावीक क्रमाच्या (अशा क्रमाला काता म्हणतात) पहिल्या तीन मालिका करून दाखवाव्या लागतात, तंत्राची परीक्षा असते, आणि स्पर्धेच्या वाटेने गेलं तर 100 गुण जमवावे लागतात, इप्पोनच्या विजयाला 10. ढिल्या क्लबातून आलेलं पोर तिथे अडखळतं.

दुसरी तक्रार गळतीची. महासंघाचे पाच लाखांहून अधिक परवानाधारक आहेत. जपानच्या महासंघाकडे नोंदलेले खेळाडू दीड लाखांच्या आत. हा आकडा फ्रान्समध्ये अभिमानाने सांगतात आणि सांगावाही. पण त्यातली बहुसंख्य लहान मुलं आहेत आणि बारा-तेराच्या वयाला तातामी रिकामी होऊ लागते. जे क्लब या वयाला स्पर्धेखेरीज काहीच देत नाहीत त्यांचा वर्ग आधी ओसरतो. काता, जुजुत्सू, पंचगिरी, लहानग्यांच्या वर्गाला मदत, यातलं काही आहे का, ते विचारून घ्या.

तिसरी गर्दीची. फ्रान्सचे टेडी रिनेर 2012, 2016 आणि 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण घेऊन आले, 2024 ला पॅरिसमध्ये मिश्र सांघिक अंतिम लढतीत फ्रान्सने जपानला 4-3 हरवलं, अशा वर्षी टेबलापुढे रांगा लागतात. एका शिक्षकामागे तीस मुलं झाली की फेकण्याचा सराव थांबतो आणि खेळच उरतात. वीसपर्यंत ठीक. 4 सेंटिमीटर जाडीच्या तातामी एकमेकींना घट्ट भिडलेल्या आहेत का, तेही बघा. फटीत पायाचं बोट अडकून होणाऱ्या जखमा नीट मांडणीने टळतात.

भिंतीवर आठ शब्दांचा फलक दिसेल: शिष्टाचार, धैर्य, प्रामाणिकपणा, मान, नम्रता, आदर, आत्मसंयम, मैत्री. हा जपानमधून आलेला नाही, बेर्नार मिदाँ या फ्रेंच ज्युदोकाने 1985 मध्ये तो मांडला. ज्या क्लबात तो फक्त भिंतीवर आहे आणि ज्यात तो वागण्यात आहे, यातला फरक कळायला वेळ लागत नाही.

बहुतेक क्लब एक-दोन तास फुकट करून बघू देतात. तेव्हा मुलाकडे न बघता जरा मोठ्या पोरांच्या सरावाकडे बघा. फेकणारा मुलगा शेवटपर्यंत जोडीदाराची बाही धरून ठेवतो का? बाही वर ओढून धरली तर पडणाऱ्याचं डोकं तातामीपासून वर राहतं आणि त्याचा मोकळा हात आपटायला सुटा राहतो. दहापैकी नऊ जण बाही धरत असतील तर त्याच दिवशी फॉर्म भरा. बाही सोडून विजयाचे हात वर करणारी मुलं दिसली आणि शिक्षक काही बोलला नाही, तर शेजारच्या गावातला क्लब बघा.