अनोळखी व्हिडिओ कॉल आणि काही सेकंदांचा चेहरा

माझे मामा निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची झालेली फसवणूक मी त्यांच्या संमतीने लिहीत आहे, कारण याच पद्धतीने असंख्य लोक लुबाडले गेले आहेत आणि त्यांतले बरेच जण लाजेपोटी घरातही काही बोलत नाहीत.

फेसबुकवर एका अनोळखी तरुणीच्या नावाने मैत्रीची विनंती आली, मेसेंजरवर जुजबी विचारपूस झाली, व्हॉट्सॲपचा क्रमांक मागून घेतला गेला आणि त्याच रात्री व्हिडिओ कॉल आला. मामांनी तो घेताच पडद्यावर एक विवस्त्र स्त्री दिसू लागली. ते गोंधळले आणि त्यांनी लगेच कॉल तोडला, परंतु तेवढा वेळ त्या टोळीला पुरेसा होता. अशा प्रकारात स्त्रीची चित्रफीत बहुधा आधीच तयार असते. हवा असतो तो केवळ समोरच्याचा चेहरा, आणि व्हिडिओ कॉल स्वीकारला की फोनचा पुढचा कॅमेरा तो स्वतःहून पुरवतो. पलीकडे पडद्याचे रेकॉर्डिंग चालूच असते.

काही मिनिटांत ती चित्रफीत आणि मामांच्या फेसबुकवरील मित्रयादीची छायाचित्रे त्यांना पाठवून ११ हजार रुपये मागण्यात आले. ते त्यांनी यूपीआयने भरले. दुसऱ्या दिवशी पोलिसी गणवेशातले छायाचित्र लावलेल्या क्रमांकावरून दिल्लीच्या सायबर शाखेचा अधिकारी म्हणवणाऱ्याने अटकेची धमकी दिली, आणि चित्रफीत काढून टाकण्यासाठी यूट्यूबच्या कर्मचाऱ्याशी बोला, असे सांगून आणखी एक क्रमांक दिला. तो कर्मचारीही त्यांच्यातलाच होता. प्रत्येक वेळी रक्कम वाढत गेली, कारण पैसे दिल्याने हा माणूस घाबरतो आणि देऊ शकतो एवढेच त्यांना कळत होते. कोणताही पोलीस अधिकारी प्रकरण मिटवण्यासाठी यूपीआयने पैसे घेत नाही, हे तेव्हा त्यांना सांगणारे जवळ कोणी नव्हते, आणि याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून कॅमेऱ्याविषयी कळकळीने सांगतो. अनोळखी क्रमांकाचा व्हिडिओ कॉल घेऊच नये. घेणे भागच असेल, तर स्वीकारण्यापूर्वी पुढच्या कॅमेऱ्यावर अंगठा ठेवावा आणि समोरची व्यक्ती कोण आहे याची खात्री पटेपर्यंत तो काढू नये. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी विभागात अनोळखी कॉलचा आवाज बंद ठेवण्याची सोय आहे, तीही सुरू करावी. फेसबुकची मित्रयादी फक्त स्वतःला दिसेल अशी ठेवली, तर धमकीतला मोठा दात निघून जातो. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून कॅमेरा चालू असताना पडद्याच्या वरच्या भागात हिरवी खूण दिसते. आपण कॅमेरा वापरत नसताना ती दिसली, तर कोणत्या ॲपला परवानगी दिली आहे हे सेटिंगमध्ये पाहून ती काढून घ्यावी. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला सरकती झडप असेल, तर काम संपताच ती लावावी.

एवढे करूनही कोणी अडकलेच, तर चॅट पुसू नये. मामा घाबरून सगळे पुसायला निघाले होते, पण सुदैवाने मामींनी फोन हातातून घेतला आणि मला कळवले. आम्ही १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. पैसे गेले असतील, तर हा फोन जितक्या लवकर होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. धमकावून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा गुन्हा आहे, आणि तोतयेगिरी करून संगणकीय साधनाद्वारे फसवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ड खालचा. तक्रारीसाठी त्या प्रोफाइलचा पूर्ण दुवा, फोन क्रमांक, संदेशांची छायाचित्रे आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेच्या नोंदीतला त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, जवळ ठेवावा. फेसबुकवरचे प्रोफाइल नंतर नाव बदलते किंवा नाहीसे होते, त्यामुळे त्याचा दुवा सर्वांत आधी उतरवून घ्यावा.