एसईओ केलं गूगलसाठी, गिऱ्हाईक राहिलं दाराबाहेर

दांडिया बाजारातल्या एका फरसाणवाल्याची साइट बडोद्यातल्याच एका एजन्सीने ‘एसईओ’ (गूगलच्या शोधात वर दिसावी म्हणून साइटची जुळवाजुळव) करून दिली आहे. त्या कामाचं हे परीक्षण.

आधी चांगलं. फोटो हलके केल्यामुळे पान साध्या मोबाइलवरही चटकन उघडतं. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक आहे. पत्ता आणि वेळा चित्रात न कोंबता मजकुरात दिल्या आहेत. हे गूगललाही वाचता येतं आणि स्क्रीन रीडरलाही, म्हणजे न दिसणाऱ्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला.

घोळ आहे तो फोटोंच्या ऑल्ट मजकुरात, म्हणजे फोटोऐवजी वाचून दाखवायच्या वर्णनात. टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर लावून लीलो चेवड्याच्या फोटोवर बोट ठेवलं की ऐकू येतं: ‘बडोदा बेस्ट फरसाण स्वस्त फरसाण माझ्याजवळचं फरसाण बडोदा चेवडो’. प्रत्येक फोटोला हेच पालुपद. न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाने भावापर्यंत पोचायचं कधी? ‘लीलो चेवडो, २५० ग्रॅमचं पाकीट’ एवढं पुरे होतं. ऑल्टमध्ये असे शब्द कोंबू नका, असं गूगलही सांगतं. नुसत्या शोभेच्या फोटोला ऑल्ट रिकामा ठेवायचा. पण तो काढूनच टाकला तर काही रीडर फाइलचं नाव वाचत सुटतात.

तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत अलकापुरी, मांजलपूर, कारेलीबाग अशी बडोद्यातल्या भागांची यादी लपवली आहे. डोळ्यांना दिसत नाही, कानाला मात्र सगळी ऐकावी लागते. गूगलच्या नियमांत हा सरळ स्पॅम. दुकान एकच असताना त्याच भागांची नुसतं नाव बदललेली तीन पानं, हाही त्यातलाच प्रकार.

खरी गोम मराठी पानात सापडते. मजकूर मराठी, पण कोडमध्ये भाषा इंग्रजीच ठेवलेली. त्यामुळे रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो. नाहीतर अक्षरं गिळतो. भाषेचा कोड ‘एमआर’ केला की काम झालं. गूगल भाषा मजकुरावरून ओळखतं, त्या कोडकडे बघत नाही. एजन्सीनेही बघितलं नाही!

‘ऑर्डर करा’चं बटण केशरी, अक्षरं पांढरी. या केशरीवर (#FF9933) कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, जेमतेम २.१ भरतो, साध्या आकाराच्या अक्षरांना ४.५ हवा. अक्षरं काळी केली तर तोच ९.९ होतो. दुकानाचा रंगही तसाच राहतो.

काउंटरवर ‘पाच तारे द्या, ५० ग्रॅम शेव फुकट’ अशी पाटी लावायचा सल्लाही पॅकेजमध्ये आहे. तो ऐकू नये. बदल्यात काही देऊन अभिप्राय घ्यायला गूगलची मनाई आहे.

शेवटचा हप्ता देण्याआधी माउस बाजूला ठेवून कीबोर्डवरच्या टॅबने ऑर्डर करून बघावी. इथे बटणापर्यंत पोचता येतं, पण आपण कुठे आहोत ते कळत नाही, कारण दिसायला बरं म्हणून फोकसची चौकट, म्हणजे निवडलेल्या बटणाभोवतीची रेघ, घालवली आहे. सीएसएसमधली (साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमधली) चौकट घालवणारी ती एक ओळ पुसली की चौकट परत येते.