सिक्सलाइन म्हणून गळ्यात मारलेला मासा

इन्स्टाग्रामवर समुद्री मासे विकणाऱ्या मुंबईच्या एका विक्रेत्याने मला सिक्सलाइन हा रॅस कुळातला मासा विकताना जो खेळ केला, तो गोव्यातल्या आणखी कुणाशी होऊ नये म्हणून लिहितोय. चवथीच्या तोंडावर असल्या ‘ऑफर’ पुन्हा फिरू लागल्या आहेत.

फोंड्याला माझ्या घरी समुद्री माशांची तीन फुटी टाकी आहे. क्लाऊनफिशची जोडी, क्लीनर श्रिंप (एक कोळंबी), थोडे हर्मिट खेकडे. दगडांवर चपटे किडे माजले, म्हणून सिक्सलाइन रॅस हवा होता. हा मासा वाढून वाढून तीन-चार इंचांचा होतो आणि दिवसभर दगडांच्या भेगांतून किडे टिपत फिरतो. विक्रेत्याने फोटो पाठवला, २,८०० रुपये यूपीआयने आधीच घेतले आणि रात्रीच्या बसने थर्माकोलचा खोका पाठवला.

पिशवीत निघाला तो हिरवट-तपकिरी, पांढुरक्या डागांचा मासा. डोक्यावर शिंगांसारखे दोन लांब तंतू. पाण्यात तर असा हेलकावत होता की समुद्री शेवाळाचा तुकडाच वाटावा. फोटोतल्या जांभळ्या अंगावरच्या नारिंगी रेघांचा पत्ता नाही. विचारलं तर उत्तर तयार होतं: “सर, पिल्लू आहे. मोठा झाला की रेघा येतील.”

ही थाप सरळ खोटी असती तर पचली नसती. ती पचते कारण रॅसच्या बाबतीत अर्धी खरी असते. या कुळातल्या कितीतरी माशांचं पिल्लू एका रंगाचं, मादी दुसऱ्या आणि नर तिसऱ्याच रंगाचा असतो. बऱ्याच जातींत मादीचाच पुढे नर होतो. कोरिस गायमार्डचं पिल्लू नारिंगी-लाल, पाठीवर काळ्या काठाचे पांढरे पट्टे. मोठा मासा बघितलात तर दोघांचं नातं आहे यावर विश्वास बसणार नाही. पण सिक्सलाइनचं तसं नाही. त्याचं पिल्लूसुद्धा मोठ्या माशासारखंच दिसतं: अंगावर सहा आडव्या रेघा, हिरवट शेपूट आणि शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा काळा ठिपका. रेघा ‘यायच्या’ नसतात, असतातच. प्रवासाने मासा फिका पडतो हे खरं, पण फिका पडलेल्या सिक्सलाइनला शिंगं फुटत नाहीत.

दुसरी थाप तर खास गोवेकरांसाठी राखून ठेवलेली असावी. “तुमच्याकडे पावसात समुद्राचं पाणी गोडं होतं, त्याने रंग उतरला.” मांडवीच्या तोंडाशी, मिरामारच्या बाजूला पावसाळ्यात पाण्याचा खारटपणा खूप उतरतो, हे कुणीही मान्य करील. पण मी समुद्राचं पाणी वापरतच नाही. आरओच्या पाण्यात मीठ मिसळतो आणि खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ बघूनच टाकीत सोडतो. त्याचा फोटो पाठवला, तर त्यावर अंगठा आला. माणूस मोठा विनोदी.

संध्याकाळी दिवा मंदावला आणि मासा डोकं खाली करून सरळ वाळूत घुसला. उलगडा तिथेच झाला. सिक्सलाइन झोपायला दगडाच्या फटीत जातो, अंगाभोवती चिकट कोष करतो. वाळूत पुरून घेत नाही. ग्रांदे बेटाकडे डायव्हिंगला नेणाऱ्या एका मित्राला व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, “अरे, हा दगड उलटवणारा. रॉकमूव्हर.” शास्त्रीय नाव नोव्हाक्युलिक्थिस टेनियुरस, काही जण ड्रॅगन रॅसही म्हणतात. वाढतो तीस सेंटिमीटरपर्यंत, दगड उलटून खालचे खेकडे, शिंपले खातो. म्हणजे माझ्या टाकीतला एकेक हर्मिट हे त्याचं जेवण. शेवटी पणजीत सहा फुटी टाकी असलेल्या एका ओळखीच्या माणसाने तो नेला. समुद्रात सोडायचा सल्ला दोघांनी दिला होता. टाकीतला मासा समुद्रात सोडू नये, रोग सोबत जातात.

पैसे परत मागितले तेव्हा गॅरंटीची खरी गंमत कळली. खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ असेल आणि मासा मेलेला निघाला, तर पैसे परत. जिवंत पण दुसराच निघाला तर? “लाइव्ह अरायव्हल झालं ना, सर.” म्हणजे मासा जिवंत पोचला, विषय संपला. त्यानंतर ब्लॉक.

म्हणून पैसे पाठवण्याआधी शास्त्रीय नाव लिहून मागा; ‘सिक्सलाइन’ एवढं पुरत नाही. स्युडोकायलिनस हेक्साटेनिया असं लिहून दिलं असेल तर पुढे भांडायला आधार राहतो. नेटवरचा फोटो नको, तोच मासा खाताना दिसेल असा व्हिडिओ मागा आणि रेघा मोजा: चार आणि आठ रेघांचे भाऊबंदही आहेत, आठ रेघांचा जास्त मोठा होतो. क्लीनर रॅस (इतर माशांचं अंग साफ करणारा) घेत असाल तर तोंड बघा. खऱ्याचं तोंड टोकाला असतं. त्याची नक्कल करणाऱ्या ब्लेनी नावाच्या माशाचं नाकाखाली, आणि ती इतर माशांचे पर कुरतडते. रॅस ‘टँक-ब्रेड’, म्हणजे टाकीतच पैदास केलेला, आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर सावध व्हा. क्लाऊनफिशची पैदास आपल्याकडे होते, बाजारातले रॅस मात्र जवळजवळ सगळे समुद्रातून पकडलेले असतात.

फसलाच असाल तर चॅट आणि यूपीआयची पावती पुसू नका. पैसे नुकतेच गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३०, ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि २०१९च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो तिथेच करता येते. मुंबईला खेटे घालायला नकोत. माझी तक्रार नोंदली गेली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.