जुनी मालिका बघायचीये, डिस्कचा बॉक्स सेट घेऊ की अ‍ॅपवर बघू?

माझ्याकडे डिस्कचं एक भरलेलं कपाट आहे आणि दोन-तीन अ‍ॅप्सची वर्गणीही चालू आहे, म्हणजे दोन्हीकडे पैसे घालून झालेत आणि दोन्हीकडे भरपूर बघूनही झालंय. रिझोल्यूशन किती, कुठल्या प्लेयरवर काय चालतं हे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

नवीन मालिकांचं उत्तर सोपं आहे, अ‍ॅप. आज आलेला एपिसोड आजच बघून उद्या त्यावर तासभर बोलायचं ही मजा बॉक्स सेटमध्ये येत नाही, आणि नवीन मालिका मुळातच आजच्या रुंद पडद्यासाठी शूट होतात त्यामुळे जे बनवलं तेच समोर येतं. जुन्यातलंही काही नुसतं चाखून बघायचं असेल तर अ‍ॅपच बरं. 'आय लव्ह लूसी' मी अशीच सहज लावली होती, दोन एपिसोड बघू आणि सोडून देऊ म्हणून. 1951 साली सुरू झालेली मालिका, पण ती त्याच काळात 35 एमएम फिल्मवर तीन कॅमेऱ्यांनी शूट केलेली, त्यामुळे चित्र इतकं स्वच्छ की व्हिडिओटेपवर बनलेल्या कितीतरी नंतरच्या मालिका तिच्यापुढे धुरकट वाटतात. मी दोनाचे वीस एपिसोड कधी बघितले कळलंच नाही, आणि हे अ‍ॅप नसतं तर झालंच नसतं, कारण न बघितलेल्या मालिकेचा अख्खा सेट कोण घेणार.

मग गाडी अडते कुठे, तर चौकटीपाशी.

एकदा रात्री धाकट्या भावाला माझी एक लाडकी कॉमेडी दाखवत होतो, नव्वदीतली, मला जवळपास पाठ असलेली. एका सीनला हशा पिकला आणि हा माझ्याकडे बघायला लागला, म्हणाला, "दादा, हसले कशाला?" मी मागे घेऊन परत लावलं. परत हशा, पण हसण्यासारखं पडद्यावर काहीच नाही. मलाच शंका यायला लागली की आपल्याला चुकीचं आठवतंय का, म्हणून उठून कपाटातली डिस्क काढली, तोच एपिसोड लावला आणि बघतो तर ज्या वस्तूवर लोक हसत होते ती फ्रेमच्या अगदी खाली, टेबलाच्या कडेला ठेवलेली. अ‍ॅपवर तो खालचा भागच नव्हता, कापून टाकलेला.

त्या दिवसापासून मी जुनं काहीही लावलं की आधी चौकट बघतो, ती एकदा डोळ्यात भरली की जात नाही. हिशोब साधा आहे, रुंदी आणि उंचीचं प्रमाण जुन्या टीव्हीचं 4:3, आत्ताच्याचं 16:9, आणि जुनं चित्र रुंद पडद्यावर काठोकाठ बसवायचं तर वरून-खालून मिळून उंचीचा बरोबर पाव भाग जातो. पाव! हे का करतात तर बाजूच्या काळ्या पट्ट्या बऱ्याच लोकांना खुपतात, त्यांना वाटतं टीव्ही बिघडलाय किंवा चित्र अर्धवट आहे, आणि खरं तर पट्ट्या असतात तेव्हाच चित्र पूर्ण असतं.

हे फक्त माझ्याच नशिबी आलं असंही नाही. 'द सिम्पसन्स' 2019 च्या नोव्हेंबरमध्ये नव्याने स्ट्रीमिंगवर आली तेव्हा जुने सीझन असेच कापलेले होते. त्यात बिअरच्या कारखान्याचा एक सीन आहे, तीन वेगवेगळ्या नावांच्या तीन टाक्या आणि वरून एकाच पाइपातून तिन्हींत तीच बिअर पडतेय, सगळा विनोद त्या पाइपात, आणि कापाकापीत नेमका पाइपच गेला. लोकांनी ओरड केली तेव्हा 2020 च्या मे महिन्यात मूळ चौकटीचा पर्याय दिला. 'साइनफेल्ड'चं तर त्याहून वाईट वाटलं, 2021 मध्ये ती नव्या ठिकाणी रुंद होऊन आली आणि रस्त्यातल्या खड्ड्यावर बेतलेल्या एपिसोडमध्ये खड्डाच फ्रेमबाहेर.

कधी उलटंही होतं. मूळ फिल्मवर दोन्ही बाजूंना थोडं जास्तीचं चित्र असतं, ते कधी दिसणारच नाही ह्या हिशोबाने शूट केलेलं असतं, आणि रुंद करताना तेच उघडं पडतं. 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'च्या एचडी आवृत्तीत कडेला चक्क सेटवरची माणसं आणि सामान दिसतं. रात्रीच्या भीतीदायक सीनमध्ये हे दिसलं की सगळी भीती जाते आणि तो सीन ज्यांनी एवढ्या मेहनतीने लावला त्यांच्यासाठी खरंच जीव तुटतो.

आता डिस्कवालेसुद्धा धुतल्या तांदळासारखे नाहीत हेही सांगायला हवं. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही 1978 ते 82 मधली रेडिओ स्टेशनवरची मालिका, तिच्यात गाणी म्हणजे निम्मा जीव, पण गाण्यांचे हक्क महाग म्हणून पहिला सीझन डिस्कवर आला तेव्हा बरीचशी गाणी बदललेली होती, आणि 2014 च्या दुसऱ्या सेटमध्ये त्यातली बरीच परत आली. म्हणजे नुसतं 'डिस्क घ्या' म्हणून भागत नाही, कुठली आवृत्ती ते बघावं लागतं. वाट बघायची तयारीही हवी, 1966 ची 'बॅटमॅन', 120 एपिसोडची, हक्कांच्या गुंत्यात अडकून डिस्कवर आली थेट 2014 मध्ये. शिवाय जागा खातात, प्लेयर सांभाळावा लागतो, आणि दर वेळी मेनूची तीच धून ऐकायची. हे सगळं खरं आहे.

पण डिस्क चांगली निघाली की तिच्यासारखी मजा नाही. मूळ 'स्टार ट्रेक'ला 2006 पासून जुन्या अवकाशातल्या दृश्यांच्या जागी संगणकावर बनवलेली नवीन दृश्यं घातली गेली, ती वाईट नाहीत, पण मला 1966 मधलं ते यानाचं मॉडेल अवकाशातून जाताना बघायचं असतं, कोणीतरी हाताने बनवून, दिवे लावून, कॅमेऱ्यासमोर धरलेलं. ब्लू-रे डिस्कवर दोन्ही आहेत, रिमोटवरून निवडा. मी ज्या अ‍ॅपवर बघितली तिथे फक्त नवीन होती, निवडायचा प्रश्नच नाही. 'द ट्वायलाइट झोन'चंही तसंच, पाच सीझन, 156 एपिसोड, चौथ्या सीझनचे एपिसोड तासाभराचे आणि बाकी सगळे अर्ध्या तासाचे, तर काही ठिकाणी तो चौथा सीझनच ठेवलेला नसतो, मधला नंबर गायब. सेटमध्ये सगळे ओळीने असतात. आणि हो, शेवटची नामावली पूर्ण चालते, पाच सेकंदात पुढचा एपिसोड अंगावर येत नाही, झोनसारख्या मालिकेला शेवटानंतरची ती मिनिटभराची शांतता लागतेच.

कॉमिक्सबद्दल पण जाता जाता, कारण तिथेही माझं भांडण चौकटीचंच आहे. टॅबलेटवर एकेक चौकोन मोठा करून दाखवायची सोय असते, फोनवर वाचणाऱ्याला ती ठीक आहे, पण कॉमिकमध्ये पान हेच चित्र असतं. 'वॉचमेन'चा पाचवा अंक घ्या, त्यात पानांची मांडणी मधोमध आरसा धरल्यासारखी आहे, पहिलं पान शेवटच्या पानाशी जुळतं, दुसरं शेवटून दुसऱ्याशी, आणि मधल्या जोडपानावर दोन्ही बाजू समोरासमोर येतात. एकेक चौकोन बघत गेलात तर गोष्ट कळेल पण हे अजिबात कळणार नाही. जाडजूड संग्रहांचीही एक खोड आहे, जोडपानाचं मधलं चित्र शिवणीत जातं, आणि साध्या खरबरीत कागदासाठी निवडलेले जुने रंग गुळगुळीत पांढऱ्या कागदावर भडक होऊन डोळ्यात घुसतात. म्हणून मी पातळ संग्रह घेतो, जुने सुटे अंक परवडले तर तेच, आणि टॅबलेटवर वाचलं तर पान पूर्ण ठेवून.

तर मालिकांचं माझं असं ठरलंय की अ‍ॅपवर चाखायचं, आवडलं आणि परत बघावंसं वाटलं तर सेट शोधायचा. तुम्ही एकदाच बघून पुढे जाणारे असाल तर कदाचित अ‍ॅपवरच भागेल, तेवढ्यासाठी कपाट भरा असं मी म्हणणार नाही. पण जी मालिका तुम्ही आपली मानता, जी घरच्यांना धरून बसवून दाखवणार आहात, तिच्यासाठी मी तरी डिस्कच घेईन, आणि घेण्याआधी मूळ गाणी आणि मूळ चौकट ह्या दोन गोष्टी तपासेन.

अ‍ॅपवरची प्रत धड आहे का हे बघायला फार वेळ लागत नाही. पहिला एपिसोड लावा, खुर्चीत बसलेलं कोणीतरी उठून उभं राहीपर्यंत थांबा, आणि त्याच्या केसांच्या वर जागा उरते की कपाळावरच फ्रेम संपते ते बघा.