भाजून वापरायचं पीएलए: काही महिन्यांनंतरचा अनुभव, आणि त्या 2 टक्क्यांचं काय?

ओव्हनमध्ये भाजलं की उष्णता सोसतं म्हणून थ्रीडी प्रिंटरसाठी घेतलेलं हे पीएलए प्लास्टिकचं फिलॅमेंट (छपाईचा धागा) आता बरंच वापरून झालंय. छपाई चांगली होते, नोझल (वितळलेला धागा सोडणारी तोटी) तुंबत नाही, थर नीट चिकटतात, त्यावर जास्त लिहीत नाही. माझं भांडण आहे ते सोबतच्या पत्रकातल्या एका ओळीशी: ‘भाजल्यावर वस्तू 2 टक्के आकसते, डिझाइन तेवढं मोठं करा.’

केलं मोठं. मोटरचं माउंट भाजून काढलं तर चारपैकी दोनच भोकं जुळली. कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, ओव्हनचं तापमान तपासा. आत वेगळा थर्मामीटर ठेवून फोटो पाठवला. पुन्हा तेच उत्तर, फक्त खाली सही करणारा बदललेला. फुकट गेलेल्या मालाबद्दल आणि विजेबद्दल अवाक्षर नाही.

मग चिडून एक पट्टी छापली, 100 बाय 50 बाय 4 मिमी, आतून भरीव, सगळे धागे लांबीच्या दिशेनं. 110 अंशांवर भाजली, गार होऊ दिली, कॅलिपर लावला. लांबी 97, रुंदी 49.5 आणि जाडी 4.12. जाडी चक्क वाढली! आता यात 2 टक्के कुठे शोधायचे?

हा सगळा खेळ स्फटिकांचा. पीएलएच्या रेणूंच्या साखळ्या लांबलचक असतात आणि स्फटिक बनवायला फार वेळ घेतात. नोझलमधून 200 अंशांच्या आसपास बाहेर पडलेला धागा पंख्याच्या वाऱ्यात बघता बघता गोठतो, साखळ्यांना रांगेत लागायला सवडच मिळत नाही. म्हणून ताजी छापलेली वस्तू आतून काचेसारखी, विस्कळीत असते आणि 60 अंशांच्या आसपास मऊ पडते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर साधं पीएलए मान टाकतं ते यामुळे. तीच वस्तू 100 ते 120 अंशांत ठेवली की साखळ्या हलायला लागतात आणि मागेपुढे घड्या घालत पातळ पापुद्रे रचतात, जाडी 10 नॅनोमीटरच्या आगेमागे. हे पापुद्रे वितळायला 150 अंशांच्या वर जावं लागतं, त्यामुळे 60 ओलांडल्यावरही वस्तू आकार धरून राहते.

इथे माझं मत थोडं बदललं. माल खराब आहे असंच मी लिहिणार होतो. पण हिशोब करून बघा. विस्कळीत पीएलएची घनता साधारण 1.25, स्फटिकाची 1.29 च्या आसपास. वस्तूचा चाळीसेक टक्के भाग स्फटिक झाला तरी आकारमान जेमतेम 1 टक्का घटणार. माझ्या पट्टीचे तिन्ही आकडे गुणले तर घट तेवढीच येते. म्हणजे स्फटिकीकरण अगदी व्यवस्थित झालंय. लांबीतले 3 टक्के गेले ते छपाईत ताणल्या गेलेल्या धाग्यांमुळे. गरम झाल्यावर ते आखडतात आणि माल जाडीकडे सरकतो. तेव्हा दोष फिलॅमेंटचा नाही. पण मग धाग्यांची दिशा, छपाईचा वेग, इनफिल (आतला भराव) यांचा उल्लेखही न करता एकच आकडा छापणाऱ्याला काय म्हणायचं?

दुसरी लपवलेली गोष्ट म्हणजे 60 अंश ओलांडल्यापासून स्फटिक तयार होईपर्यंत वस्तू लोण्यासारखी मऊ असते. माझ्या एका हुकचं टोक तेवढ्यात खाली झुकलं. आता प्रत्येक वस्तू कोरड्या बारीक मिठात गच्च दाबून भाजतो. मीठ पुन्हा पुन्हा वापरता येतं.

घ्यायचंच असेल तर बिनरंगी रीळ घ्या. चाचणीचा तुकडा उघड्यावर ठेवला की ओव्हनच्या काचेतून सगळं दिसतं. आधी पातळ कडा दुधाळ होतात, मग तो धूसरपणा आत सरकतो, जाड कोपरा सगळ्यात शेवटी. स्फटिक प्रकाश विखुरतात म्हणून हे दिसतं. काळ्या रंगात यातलं काहीच कळत नाही. पत्रक दोन तास सांगतं, माझ्या पातळ तुकड्यांचं काम त्याच्या निम्म्याहून कमी वेळात झालं. आणि एका वस्तूसाठी ओव्हन तापवू नका, ट्रे भरेपर्यंत थांबा.

मग सरळ पॉलिप्रॉपिलीनच का नको? ते भट्टीशिवाय, गार होता होताच स्फटिक बनवतं, पण त्याच भरात आकसून प्रिंटरच्या बेडवरून उचकटतं. त्या वाटेला मी जात नाही.

ब्रॅकेट, हुक, माउंट यांसाठी हे फिलॅमेंट पुन्हा घेईन, प्रत्येक दिशेला वेगळं माप देऊन. खटक्याच्या झाकणांसाठी नाही, भाजल्यावर खटके वाकायच्या ऐवजी तुटतात. गिअरसाठी तर नाहीच. दात सगळीकडे सारखे आकसत नाहीत आणि कस्टमर केअर पुन्हा ओव्हनच तपासायला लावेल.