कोर्टाजवळचं टायपिंग-भाषांतराचं दुकान : लकव्यानंतर मला आलेला अनुभव

बेळगावात राणी चन्नम्मा चौकातून कोर्टाकडे आलं की बाजूच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. पाटीवर वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत 'टायपिंग, झेरॉक्स, भाषांतर' एवढंच लिहिलंय. एक बाई आणि त्यांचा भाचा असे दोघेच चालवतात. मी चार वेळा गेलो, एकदा त्या माझ्या घरी आल्या. हे सगळं मी डाव्या हाताच्या एका बोटानं चार दिवस बसून लिहिलंय.

येळ्ळूरला आमची भातशेती. गेल्या आषाढात रोप लावणी चालू असताना बांधावर उभा होतो, तिथंच उजवा हात लोंबकळला आणि जीभ जड झाली. पोरानं गाडी काढली आणि तडक बेळगाव गाठलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही दोन तासांत पोचलो. आज काठी टेकत का होईना चालतो, ते त्यामुळंच.

घरी येऊन आठवडा झाला नाही तोवर चुलतभावांनी घातलेल्या वाटणीच्या दाव्याचं समन्स आलं. सोबत दाव्याची बावीस पानं, सगळी कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, पण वाचताना पहिल्यापासून अडखळतो. आता तर मराठी ओळसुद्धा दोनदा वाचावी लागते. त्या संध्याकाळी बीपी 170/100 निघाला. डॉक्टरांनी तो 130/80 च्या आत ठेवायला बजावलं होतं.

आधी आम्ही दुसऱ्याच एका ठिकाणी गेलो होतो. तिथल्या माणसानं माझ्याकडे न बघता पोराला विचारलं, "ह्यांना कळतंय काय?" आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. कागदावर काय आहे ते वाचूनही दाखवलं नाही. मला सगळं कळत होतं, फक्त शब्द तोंडापर्यंत येत नव्हता. अंगठा न लावता मी उठून बाहेर आलो. तो दिवस अजून मनातून जात नाही.

या दुकानातल्या बाईंनी आधी मला खुर्ची दिली. मग पोराला नाही, मला विचारलं, "काका, कधी झालं हे?" उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. तेवढा वेळ त्या थांबल्या, माझं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. लकवा झालेल्या माणसाला ही केवढी गोष्ट वाटते, ते ज्याच्या घरी असा माणूस आहे त्यालाच कळेल.

"आज चारच पानं बघूया. उरलेली परवा. भिऊ नकासा," म्हणाल्या. प्रत्येक पान त्यांनी मराठीत सांगितलं आणि पोराच्या मोबाईलवर वेगवेगळं रेकॉर्ड करून दिलं. रात्री अंथरुणावर पडून मी ते तीन-तीनदा ऐकलं. आमच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळचे, मुंबई राज्यातले मराठी फेरफार आहेत आणि माझ्या नावचा उतारा कन्नडमध्ये. दोन्हींतले सर्व्हे नंबर जुळवून त्यांनी एका कागदावर मांडले. कोर्टात लावायच्या मराठी कागदांचं कन्नड भाषांतरही त्यांनीच केलं, वकिलांना त्यात फक्त दोन शब्द बदलावे लागले.

माझी मोठी अडचण आकड्यांची. मनात पाच असतं आणि तोंडातून पंधरा निघतं. तारखेच्या बाबतीत असं झालं तर घात व्हायचा. बाईंनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बोलू नका काका, बोट ठेवा." समन्स हातात पडला तो दिवस मी डाव्या बोटानं दाखवला. तिथून त्यांनी तीस घरं मोजली, माझ्यासमोर, एकेक करून. कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, तीस दिवसांत द्यायची असते, कारण दाखवलं तर कोर्ट नव्वद दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्स काढून घ्या आणि हे वकिलांना विचारा, एवढंच त्या म्हणाल्या. कायद्याचा सल्ला त्या स्वतः देत नाहीत, ते मला आवडलं.

तोवर मला वकील मिळालाच नव्हता. तेव्हा त्यांनीच मोफत कायदा सेवेचा नंबर 15100 लिहून दिला. 1987 च्या कायद्यानं स्त्रियांना आणि अपंगांना मोफत वकील मागता येतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, हे मला साठीत पहिल्यांदा कळलं. पुढं पावण्यांतलाच एक वकील मिळाला, पण त्या रात्री तो नंबर उशाशी ठेवून मी झोपलो. वकिलांनी सांगितलं, वकीलपत्र दिलं की दर तारखेला मी जायची गरज नाही. साक्षीची वेळ आली आणि मला जाणं झेपलं नाही, तर कोर्टाकडून कमिशनर नेमून घरी साक्ष नोंदवायचा अर्ज करता येतो.

वकीलपत्रावर अंगठा घ्यायला त्या घरी आल्या. आधी सगळं वाचून दाखवलं. मग माझा डावा अंगठा स्वतःच्या बोटांत धरून पॅडवर हलकेच फिरवला, कागदावर टेकवला आणि उचलला. रेघ न रेघ उमटली. शेजारी माझ्या मास्तर मित्रानं साक्षीदार म्हणून सही केली. पस्तीस वर्षं सोसायटीच्या कागदांवर सही करणारा मी, त्या निळ्या ठशाकडे बघून रडलो. त्यांनी ओल्या फडक्यानं माझा अंगठा पुसला आणि गप्प बसून राहिल्या.

उणं सांगायचं तर जिना. चौदा पायऱ्या आणि कठडा एकाच बाजूला, तोही चढताना उजवीकडे. माझ्यासारख्याला पोराच्या खांद्याशिवाय चढणं शक्य नाही. खाली उभं राहून फोन केला तर भाचा कागद न्यायला येतो, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. दुपारी गर्दी फार असते आणि गोंगाटात माझं डोकं दुखायला लागतं, म्हणून साडेदहाच्या आत जावं. भाषांतराचे पानाला शंभर रुपये घेतले, घरी येण्याचे तीनशे. रेकॉर्डिंगचे पैसे देऊ केले, ते घेतले नाहीत.

पुढची तारीख अठराला आहे. माझ्या वहीत त्यांनी ती लाल पेनानं मोठ्या अक्षरांत लिहून दिलीय आणि खाली एक ओळ : 'काकांनी यायचं नाही, वकील जातील.'